तांब्याची तार आणि कानाची साक्ष

१६ ऑगस्ट १८५८ रोजी राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या तारेतून अमेरिकेकडे निघाला. तो पोचायला सुमारे १६ तास लागले! तारेत विजेचा संकेत इतक्या वेगाने जात असताना एवढा उशीर कसा?

याचे उत्तर विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५५ सालीच मांडले होते. आत तांबे, भोवती गटापर्चाचे वेष्टण आणि बाहेर समुद्राचे पाणी. अशी तार म्हणजे एक लांबलचक विद्युत धारित्रच. प्रत्येक संकेतासाठी ते भरायचे आणि रिकामे व्हायचे, आणि त्याला लागणारा वेळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पुढे १८५७ मध्ये त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. बाजारात तांबे म्हणून मिळणाऱ्या तारांची वाहकता सारखी नव्हती, त्यांत मोठा फरक होता. चांगले, शुद्ध तांबेच वापरा असा त्यांनी आग्रह धरला. १८५८ची तार काही आठवड्यांतच बंद पडली. १८६६च्या यशस्वी तारेत मात्र दर मैलाला जवळजवळ तिप्पट तांबे होते. महाग तार खरोखरच अधिक चांगली ठरली.

सव्वाशे वर्षांनी हाच प्रश्न घरातल्या बैठकीच्या खोलीत आला. तोवर अमेरिकेत अँप्लिफायर आणि स्पीकर जोडायला लोक टेबललँपची साधी दोन पदरी वायर वापरत. १९७९ मध्ये नोएल ली यांनी सॅन फ्रान्सिस्कोत मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली आणि खास जाड केबल विकायला सुरुवात केली. हळूहळू अशा केबल्सचा एक धंदाच उभा राहिला. शुद्ध तांबे, चांदी, विशेष विणकाम... थॉमसन यांचेच शब्द जणू पुन्हा ऐकू येऊ लागले.

पण लांबी? अटलांटिकची तार सुमारे ३,००० किलोमीटर, खोलीतली ३ मीटर. दहा लाख पटींचा फरक, आणि वर्गाच्या नियमाने तो दहा लाख गुणिले दहा लाख होतो. समुद्रात जे खरे, ते दिवाणखान्यात खरे असेलच असे नाही.

रोधाचा हिशेब तर दहावीचा विद्यार्थीही करील. स्पीकर १० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर तार लागते. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या तारेचा रोध सुमारे १.७ ओहम येतो. ८ ओहमच्या स्पीकरला मिळणारा विद्युतदाब त्यामुळे १७-१८ टक्क्यांनी घटतो. १.३ मिलिमीटर व्यासाच्या साध्या वायरीत ही घट जेमतेम ३ टक्के. म्हणजे फार बारीक तार वाईटच, हे मान्य करायला हवे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मैदानाच्या टोकाचा कर्णा क्षीण वाजतो, तेव्हा दोष बहुधा गायकाचा नसतो.

प्रश्न उरतो तो पुरेशा जाड साध्या वायरीचा आणि महाग केबलचा. येथे गणितापेक्षा कानाची साक्ष काढावी लागते, आणि ती नीट काढणे अवघड आहे. आवाज किंचित मोठा असला तरी तो 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. शिवाय कोणती केबल लावली आहे हे ठाऊक असेल तर ऐकणाऱ्याचे मत आपोआप झुकते. तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे ऐकू येते. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव का लिहू देत नाहीत, हे शिक्षकांना आम्ही काय सांगावे!

यावरचा उपाय ध्वनिशास्त्रात जुनाच आहे. 'अ' ऐका, 'ब' ऐका, मग 'क्ष' ऐका, आणि 'क्ष' हा दोहोंपैकी कोण ते ओळखा. निवड नाणेफेकीसारखी, आणि ती कोणालाच माहीत नाही. १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते.

१९८३ मध्ये लॉरेन्स ग्रीनहिल यांनी 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकासाठी केबल्सची अशी झाकून परीक्षा घेतली. धबधब्यासारखा अखंड गोंगाट वाजवला तेव्हा बारीक तार ओळखू आली. तिच्यातून आवाजच कमी येत होता. पण संगीत लावल्यावर लँपची जाड वायर आणि मॉन्स्टर केबल यांत श्रोत्यांना फरक सांगता आला नाही.

वाद अर्थातच मिटला नाही. २००७ मध्ये ७,२५० डॉलर किमतीची एक केबलजोडी झाकून ओळखून दाखवावी, दहा लाख डॉलर देऊ, असे आव्हान जेम्स रँडी यांनी दिले. एका नामवंत समीक्षकाने ते स्वीकारलेही. पण उत्पादकाने केबल देण्यातून अंग काढून घेतले आणि ती चाचणी झालीच नाही.

वर्गात मात्र ती घेता येईल. दोन वायरी, एक स्विच, एक पडदा आणि एक नाणे एवढेच लागते. पडद्यामागच्या विद्यार्थ्याने कोणाकडे बघून हसायचे नाही, एवढे बजावून ठेवावे.