वेबहुक

एका संगणकप्रणालीत काही घडले की त्याची वर्दी लगोलग एचटीटीपी विनंतीने दुसऱ्या प्रणालीकडे धाडण्याची पद्धत. ग्राहकाने पैसे भरले, रिपॉझिटरीत नवा कोड आला, अशा बाहेरच्या घटनेवरून आपल्याकडचा वर्कफ्लो सुरू करण्यासाठी ती वापरतात. ही संज्ञा जेफ लिंडसे या अमेरिकी प्रोग्रामरने २००७ मध्ये रूढ केली. दर थोड्या वेळाने ‘काही नवे आहे का?’ असे विचारत राहण्याच्या पोलिंगपेक्षा हे स्वस्त पडते आणि कामही लवकर सुरू होते.

वर्दी मिळाली की घेणाऱ्याने पोच द्यायची. ती आली नाही तर मूळ वर्दी हरवली की परतीची पोच, हे पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नाही. संगणकशास्त्रात हा पेच ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणून १९७० च्या दशकापासून माहीत आहे. बेभरवशाच्या नेटवर्कवर ‘नेमकी एकदाच’ पोचवण्याची हमी देता येत नाही. जाहिराती काहीही म्हणोत. हाती उरते ते ‘किमान एकदा’, तेही पोच येईपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवले तर. ऑनलाइन पैसे भरण्याची सेवा देणारी स्ट्राइप ही कंपनी खऱ्या व्यवहारांची वर्दी, अंतर वाढवत वाढवत, तीन दिवसांपर्यंत पुन्हा पाठवते. कोडच्या रिपॉझिटरी ठेवणारे गिटहब मात्र १० सेकंदांत उत्तर न मिळाल्यास ती अयशस्वी नोंदवते आणि आपणहून पुन्हा पाठवत नाही.

घेणाऱ्या बाजूला, विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमागे अनेक सर्व्हर ठेवले की एक बंद पडला तरी वर्दी स्वीकारली जाते, पण दुबार कामाचा धोका मात्र वाढतो. नेहमीची चूक अशी : आधी सगळे काम उरकायचे, मग पोच द्यायची. काम लांबते, पाठवणारा थकून वर्दी पुन्हा धाडतो, ती दुसऱ्या सर्व्हरकडे जाते आणि ग्राहकाला दोन बिले मिळतात. योग्य क्रम वेगळा आहे. मजकुरावरची, सामाईक गुप्त किल्लीने केलेली एचमॅक सही तपासावी, घटनेचा आयडी सामाईक डेटाबेसात युनिक बंधनासह नोंदवावा, ती नोंद डिस्कवर पक्की झाली की २०० हे उत्तर पोच म्हणून द्यावे आणि काम मागाहून रांगेतून करावे. प्रत्येक सर्व्हरने आपापल्या मेमरीत ठेवलेली आयडींची यादी इथे कुचकामी ठरते. काम अर्ध्यावर बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकते, म्हणून प्रत्येक पायरी दुबार चालली तरी फरक पडू नये अशी लिहावी लागते : ‘शिल्लक ५०० ने वाढव’ असे नव्हे, तर ‘अमुक क्रमांकाची पावती जमा आहे’ असे.

घटना घडल्या त्याच क्रमाने वर्द्या येतील, किंवा सगळ्या पोचतीलच, याचीही खात्री नसते. म्हणून चोख यंत्रणेत वेबहुकच्या जोडीला ताळमेळाचे पोलिंग चालूच ठेवतात. स्ट्राइपच्या एपीआयमधून मागच्या ३० दिवसांच्या घटना मागवता येतात. गिटहबवर फसलेली वर्दी पुन्हा पाठवायला लावता येते, पण गेल्या तीन दिवसांतलीच.