'तो' की 'ती'?

निष्कलंक मातेच्या मूर्तीपुढे आपण गुडघे टेकतो, तेव्हा पुष्कळदा तिच्या चरणांखाली सर्प दिसतो. या चित्राचे मूळ उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातील पंधराव्या वचनात आहे. पण सर्पाचे मस्तक चिरडणार कोण? ती स्त्री की तिची संतती? या प्रश्नाचे उत्तर हिब्रू नामाच्या लिंगात दडले आहे.

हिब्रू भाषेत नामांना दोनच लिंगे: पुल्लिंग व स्त्रीलिंग. मराठीतले नपुंसकलिंग तेथे नाही. सर्वनाम व क्रियापद नामाच्या लिंगाप्रमाणे चालतात. मूळ वचनातील 'झेरा' (बीज, संतती) हे नाम पुल्लिंगी. म्हणून त्यापुढे 'हू', म्हणजे 'तो', आणि क्रियापदही पुल्लिंगी. शिवाय या एकवचनी नामात एक वंशज व अवघा वंश हे दोन्ही अर्थ सामावतात. गलतीकरांस लिहिताना अब्राहामाचे बीज म्हणजे ख्रिस्त, हे संत पौलाने अशाच एकवचनावरून सांगितले.

ख्रिस्तपूर्व काळात यहुदी विद्वानांनी हे वचन ग्रीकमध्ये आणले. ग्रीकमध्ये 'बीज' नपुंसकलिंगी. तरीही त्यांनी सर्वनाम 'तो' असेच ठेवले. इ. स. ३८६ पासून बेथलेहेमात राहिलेल्या संत जेरोमने उत्पत्तीवरील आपल्या हिब्रू टिपणांत 'तो' हेच रूप दिले. मात्र प्रचलित वल्गेट भाषांतरात 'इप्सा', म्हणजे 'ती', आले. शतकानुशतके पश्चिमेकडील ख्रिस्तसभेने हेच वाचले आणि मूर्तिकारांनी तेच कोरले. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या वल्गेटमध्ये 'इप्सुम' हे नपुंसकलिंगी रूप आले; ते बीजाकडे निर्देश करते.

गंमत अशी की, मराठीत 'संतती' हा शब्द योजला तर सर्वनाम 'ती' असेच येते. ऐकणाऱ्याला ती माता वाटते; व्याकरणाने मात्र ती संतती असते!

मग आपली मूर्ती चुकीची ठरते काय? नाही. १८५४ साली निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धांत घोषित करताना पोप नववे पायस यांनी मरियेचे सर्पाशी वैर तिच्या पुत्रासह व पुत्राद्वारेच असल्याचे सांगितले. विजय पुत्राचा आहे. माता त्यात सहभागी आहे. आपली मरियाभक्ती एका सर्वनामावर उभी नाही. म्हणून मूळ शब्द जाणून घेताना आपण भिण्याचे कारण नाही. मूर्तीपुढे मेणबत्ती लावताना तिच्या पुत्राचे स्मरण ठेवले, म्हणजे 'तो' आणि 'ती' यांत भांडण उरत नाही.