टॉमी गन : खंदकापासून केकपर्यंत

बिली वाइल्डरच्या 'सम लाइक इट हॉट' (1959) या चित्रपटात फ्लोरिडातल्या हॉटेलात गुंडांची मेजवानी रंगलेली असते. वाढदिवसाचा अवाढव्य केक आत ढकलत आणतात आणि त्यातून एक मारेकरी टॉमी गन घेऊन उभा राहतो. प्रेक्षक हसतात. ही बंदूक तिथवर पोहोचली कशी, ते मात्र हसण्यासारखं नाही.

तिचे जनक जॉन टी. थॉम्पसन हे अमेरिकी लष्करातले निवृत्त अधिकारी. पहिल्या महायुद्धात खंदक साफ करायला एकट्या सैनिकाला पेलेल असं स्वयंचलित हत्यार हवं, या विचाराने त्यांनी 1916 मध्ये 'ऑटो-ऑर्डनन्स' कंपनी काढली. पण बंदूक तयार होईतो 1918 मध्ये युद्धच संपलं. 1921 मध्ये कोल्ट कारखान्याने 15,000 बंदुका बनवल्या. लष्कराने फारशा घेतल्या नाहीत. त्याच वर्षी आयर्लंडच्या क्रांतिकारकांसाठी निघालेल्या 495 बंदुका न्यू जर्सीतल्या होबोकेन बंदरात एका जहाजावर पकडल्या गेल्या. एका बंदुकीची किंमत होती 200 डॉलरच्या आसपास. सामान्य माणसाला ती परवडण्यासारखी नव्हती. दारूबंदीत गबर झालेल्या टोळ्यांना सहज परवडली, आणि केंद्राचा कोणताही कायदा आडवा येत नव्हता.

14 फेब्रुवारी 1929. शिकागोच्या नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवरच्या गॅरेजमध्ये टोळीयुद्धात सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं. मारेकऱ्यांपैकी काही पोलिसांच्या गणवेशात होते. जमिनीवर .45 च्या 70 पुंगळ्या सापडल्या. बंदूकतज्ज्ञ कॅल्विन गोडार्ड यांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. प्रत्येक बंदूक पुंगळीवर आपली खूण सोडते. त्यावरून दोन टॉमी गन चालल्याचं कळलं, आणि डिसेंबरमध्ये गुंड फ्रेड बर्कच्या मिशिगनमधल्या घरी मिळालेल्या बंदुका त्याच असल्याचं सिद्ध झालं. गुन्ह्याच्या तपासात बंदुकीच्या खुणांना वजन मिळालं ते प्रामुख्याने या प्रकरणामुळे.

वाइल्डरने विनोदी चित्रपटाच्या मुळाशी नेमकं हेच हत्याकांड ठेवलं, आणि मला त्याचं हे धाडस थोर वाटतं. गॅरेजमध्ये लपलेले दोन वादक ते पाहतात, पळताना त्यांच्या डबल बासला गोळ्यांची भोकं पडतात आणि पुढे तीच भोकं त्यांना उघडं पाडतात. या वादकांच्या भूमिकेतल्या टोनी कर्टिस आणि जॅक लेमन यांनी लपण्यासाठी बायकांचे कपडे चढवणं आपल्याला पटतं, कारण मागे लागलेलं मरण खरं आहे.

1934 च्या केंद्रीय कायद्याने अशा बंदुकीच्या प्रत्येक खरेदी-विक्रीवर 200 डॉलरचा कर बसला, म्हणजे जवळपास बंदुकीच्या मूळ किमतीएवढा. लष्करी मागणी जोरात आली ती दुसऱ्या महायुद्धात. थॉम्पसन जून 1940 मध्ये वारले, तेव्हा ती नुकतीच सुरू होत होती. सैनिकांसाठी 1942 मध्ये सोपा केलेला नमुना आला. टोळीवाल्यांची ओळख बनलेलं ते गोल मॅगझिन त्याला बसतच नव्हतं.