चोरपावलांचा खेळ

सारा जन्म मुलांना ‘चोरी करूं नये’ असें शिकविण्यांत ज्याचा गेला, त्या मजसारख्या निवृत्त शिक्षकानें चोराच्या खेळाविषयीं बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. पण माझा नातू रात्रीं दिवा मालवून, कानांस हेडफोन लावून संगणकापुढें निश्चल बसतो. तो एवढें काय ऐकतो, हें जाणण्याची मला उत्सुकता लागली.

लपण्याचा खेळ संगणकावर फार आधींच आला. १९८१ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोरच्या म्यूज सॉफ्टवेअर या कंपनीकरितां सायलस वॉर्नर यानें ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’ रचिला. नाझींच्या किल्ल्यांतून युद्धाचे गुप्त बेत घेऊन निसटावयाचें. गोळ्या मोजक्या, म्हणून शत्रूचा गणवेश चढवून पहाऱ्यांतून जावयाचें. दृश्य मात्र वरून पाहिल्यासारखें. पुढें १९९२ सालीं इड सॉफ्टवेअर या दुसऱ्याच मंडळीनें तेंच नांव घेऊन ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’ काढला. त्यांत खेळणारा पात्राच्याच डोळ्यांनीं पाहतो. व्याकरणाच्या भाषेंत यास प्रथमपुरुषी खेळ म्हणावयास हरकत नाहीं. मेलेल्या शिपायांस ओढून नेण्याची सोय आरंभीं योजिली होती, पण तिनें वेग मंदावतो म्हणून ती गाळली. उरला तो गोळीबार! नांव वारशानें आलें, जीव मागें राहिला.

तो जीव परत आणिला मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजच्या लुकिंग ग्लास स्टूडिओज या संस्थेनें. त्याआधीं त्यांचा एक बेत आर्थर राजाच्या कथेवर तलवारीचा खेळ करण्याचा होता. तो सोडून १९९८ च्या अखेरीस त्यांनीं ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ प्रसिद्ध केला. नायक गॅरेट हा चोर. तलवारींत बेताचाच, दोघे पहारेकरी एकदम आले तर कठीणच. त्याचें बळ अंधारांत. पडद्याच्या तळाशीं एक रत्न असतें. आपण उजेडांत आलों कीं तें उजळतें, अंधारांत शिरलों कीं काळवंडतें. मशाल आड आली तर पाण्याचा बाण मारून विझवावयाची. आणि पावलें! गालिचावर तीं निःशब्द, दगडी फरशीवर वाजतात, लोखंडावर तर खणखणतात. पहारेकऱ्याचाही आवाज दारांतून, वळणांतून वाट काढीत आपणांपर्यंत येतो. संशय आला कीं तो स्वतःशीं पुटपुटत शोधूं लागतो, आणि आपण कोपऱ्यांत श्वास रोखून उभे!

मला मृच्छकटिकांतील शर्विलक आठवला. जुनें दार करकरूं नये म्हणून तो पाणी शिंपडतो, मग तें जमिनीवर पडून वाजेल कीं काय म्हणून बिचकतो. किडा सोडून दिवा मालवितो. घरचे खरेच निजले आहेत कीं सोंग करताहेत, हें श्वासावरून पारखतो. प्रेक्षकाचें मन चारुदत्ताकडे, तरी त्या घटकेपुरता तोही शर्विलकाबरोबर श्वास धरून बसतो.

गोडी आहे ती चोरीच्या मालाची नव्हे. दुर्बळानें नुसत्या धीरावर बलवानाच्या अंगणांतून पार व्हावें, आणि थांबणें हेंच कर्तृत्व ठरावें, ही ती गोडी. सर्वांत कठीण पायरी निवडल्यास तर मनुष्यहत्येस मनाईच असते. चोरी ती चोरीच. पण या अटीनें मला बरें वाटलें, हें कबूल करतों.

मार्च २००० मध्यें दुसरा भाग निघाला आणि मे महिन्यांत संस्था बंद पडली. रसिकांनीं मात्र ही रीत सोडली नाहीं. २००९ सालीं त्यांनीं याच धर्तीवर ‘द डार्क मॉड’ सिद्ध करून फुकट वाटला.

परवां नातवानें मला आपल्या खुर्चींत बसविलें. गालिचा संपला, पुढें फरशी. दारापलीकडे कोणी शीळ घालीत येत होता. मी भिंतीच्या सावलींत उभा राहिलों. तो गेला. ‘आजोबा, आतां चला,’ नातू कुजबुजला. घरांत आम्हां दोघांवांचून कोणीच नव्हतें. तरी मीही तितक्याच हळू आवाजांत म्हणालों, ‘थांब रे, तो परत येईल.’