खाजगी शिकवणी (कोल्हापूर)

खाजगी शिकवणी म्हणजे शाळा वा महाविद्यालयाच्या नियमित तासांबाहेर, शुल्क घेऊन, समोरासमोर केले जाणारे पूरक अध्यापन होय. कोल्हापूर शहर व जिल्ह्यात ती प्रामुख्याने गणित आणि विज्ञान या विषयांसाठी लावली जाते. सर्वसाधारणपणे घरगुती वा लहान गटातील अध्यापनास ‘शिकवणी’ आणि मोठ्या संस्थेतील अध्यापनास ‘क्लास’ म्हटले जाते. प्रत्यक्षात ही सीमारेषा बरीच पुसट आहे.

इतिहास

राजघराण्यातील मुलांसाठी स्वतंत्र शिक्षक नेमण्याची रीत संस्थानी काळात रूढ होती. राजर्षी शाहू महाराजांनी राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयानंतर धारवाड येथे एस. एम. फ्रेझर यांच्या देखरेखीखाली शिक्षण घेतले. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतलेल्या याच राजाने १९१७ मध्ये संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला.

शिकवणी हे उपजीविकेचे साधन असल्याचे ठळक उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे आहे. जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात शिकले, पण मॅट्रिकच्या पुढे जाऊ शकले नाहीत. नंतर साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या व ते ‘पाटील मास्तर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली.

स्वरूप

शिकवणीचे वर्ग शाळेच्या वेळेआधी पहाटे किंवा सायंकाळी भरतात. शिक्षकाच्या घरातील पुढची खोली, भाड्याचा गाळा किंवा विद्यार्थ्याचे घर ही त्यांची ठिकाणे होत. घरी येऊन शिकवणाऱ्या शिक्षकास सहसा महिन्याने वा तासावर मोबदला मिळतो; क्लासचे शुल्क बहुधा वर्षाचे ठरवून हप्त्यांनी घेतले जाते.

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत गणित भाग १ (बीजगणित) व भाग २ (भूमिती) यांची प्रत्येकी ४० गुणांची, तसेच विज्ञानाच्या दोन भागांची प्रत्येकी ४० गुणांची लेखी परीक्षा असते. कोल्हापूर विभागीय मंडळाच्या अखत्यारीत कोल्हापूर, सांगली व सातारा हे जिल्हे येतात. गणितात एक पायरी चुकली की पुढचे सारे अडते. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाची ही चूक शोधणे शिक्षकास शक्य होत नाही. वही पाहून चूक नेमकी कोठे झाली हे सांगणे, हीच लहान शिकवणीची खरी उपयुक्तता आहे. शंभर मुलांच्या क्लासला ती लागू पडत नाही.

भाषेचा अडसर

दहावीपर्यंत संपूर्ण मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यास अकरावी विज्ञानात दुहेरी अडचण येते. त्याला परिचित असलेले ‘त्वरण’, ‘संवेग’, ‘अपवर्तन’ आणि ‘क्षपण’ येथे अनुक्रमे ‘ॲक्सिलरेशन’, ‘मोमेंटम’, ‘रिफ्रॅक्शन’ आणि ‘रिडक्शन’ होतात. संकल्पना तीच, पण प्रश्न उलगडत नाही. अनेक शाळांनी गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवणारा सेमी-इंग्रजी पर्याय स्वीकारला, तेव्हा हीच अडचण काही वर्षे अलीकडे आली. ज्या घरात इंग्रजी वाचून समजावणारे कोणी नाही, तेथे शिकवणी ही हौस राहत नाही. ग्रामीण भागातून शहरात येणाऱ्या विद्यार्थ्यास शुल्काखेरीज प्रवासाचा किंवा खोलीचा खर्चही सोसावा लागतो.

प्रवेश परीक्षा

अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीमध्ये गणिताच्या प्रत्येक प्रश्नास दोन, तर भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या प्रश्नास एक गुण असतो. त्यामुळे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे होतात. नीटच्या ७२० गुणांपैकी निम्मे जीवशास्त्रास आहेत. या परीक्षांमुळे अकरावी-बारावीच्या शिकवणीचे रूप बदलले: उदाहरण सोडवून दाखवण्याऐवजी वेळ लावून सराव चाचण्या घेण्यावर भर आला. महाविद्यालयात केवळ नाव नोंदवून दिवसभर क्लासमध्ये बसण्याची पद्धत राज्यात पसरल्यावर शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला.

कायदेशीर बाजू

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २८ नुसार शिक्षकास खाजगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. आपल्याच वर्गातील मुलाकडून पैसे घेऊन वर्गात न शिकवलेला भाग घरी शिकवला जाऊ नये, यासाठी असे बंधन आवश्यक ठरते. मात्र कलमात त्यासाठी स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नाही. शाळेत नोकरी नसलेल्या व्यक्तीस हे बंधन लागू होत नाही.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार शिकवणी केंद्रांनी १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये. तथापि त्यांत केंद्राची व्याख्या ५० हून अधिक विद्यार्थ्यांना शिकवणारी संस्था अशी आहे. घरातील दहा-पंधरा मुलांची शिकवणी त्या कक्षेबाहेर राहते.