एनडी फिल्टर (वाहत्या पाण्याचे छायाचित्रण)

एनडी फिल्टर ही भिंगासमोर लावायची करडी काच. दृश्य प्रकाशातील सर्व रंग ती जवळपास सारख्याच प्रमाणात अडवते, त्यामुळे रंग फारसे न बदलता प्रकाश तेवढा घटतो. भर दिवसा शटर जास्त वेळ उघडे ठेवून धबधब्याचे किंवा ओढ्याचे पाणी सलग, मऊ धारांच्या रूपात टिपायचे असेल, तर ती लागतेच.

स्वच्छ उन्हात, आयएसओ १०० आणि छिद्र एफ/१६ असताना शटरवेळ साधारण १/१२५ सेकंद येतो. छिद्र एफ/२२ केले तरी तो जेमतेम दुप्पट होतो आणि विवर्तनामुळे बारीक तपशील पुसट होतात. एनडी ६४ फिल्टर प्रकाश ६ स्टॉपने (प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा) कमी करतो आणि एफ/१६ वरचा वेळ अर्ध्या सेकंदावर नेतो. १० स्टॉपच्या एनडी १००० ने तो ८ सेकंद होतो. काही उत्पादक क्रमांकाऐवजी घनता छापतात. ०.३ घनता म्हणजे १ स्टॉप, म्हणून ३.० आणि एनडी १००० एकच. सह्याद्रीतल्या पावसाळी ढगाळ दिवशी मुळातच उजेड कमी असल्याने ३ स्टॉपचा एनडी ८ अनेकदा पुरतो.

काच जितकी काळी तितके चित्र चांगले, हा समज मात्र फसवा आहे. वेगाने कोसळणाऱ्या धबधब्याला पाव ते एक सेकंद पुष्कळ होतो. त्यापुढे धारांचा पोत जाऊन नुसता पांढरा पट्टा उरतो. समुद्राच्या लाटांचे ३० सेकंदांत धुके होते, ते हवे असेल तरच तेवढा वेळ द्यावा.

तिपाई अनिवार्य. गडद फिल्टरमधून स्वयंचलित फोकस अडखळतो, म्हणून फोकस आधी साधून मग स्वयंचलित फोकस बंद करतात आणि त्यानंतर फिल्टर चढवतात. ३० सेकंदांपुढे बहुतेक कॅमेऱ्यांत बल्ब मोड लागतो. आरशाच्या कॅमेऱ्यात नेत्रिका झाकावी, अन्यथा तिथून उजेड शिरतो. स्वस्त गडद काचा अवरक्त किरण पुरेसे अडवत नाहीत आणि चित्रावर तांबूस छटा येते. धबधब्याजवळचे तुषार काचेवर बसतात; कोरडे फडके हाताशी हवे.

बदलत्या घनतेच्या फिल्टरमध्ये दोन ध्रुवणकारी काचा असतात. त्या कमाल घनतेकडे फिरवल्या की विशालकोनी भिंगात चित्रावर काळी फुली उमटते. साधा ध्रुवणकारी फिल्टर प्रकाश दीड-दोन स्टॉपच कमी करतो, पण ओल्या खडकांवरची चमक घालवतो; ते काम एनडी करू शकत नाही.