विद्यापीठाच्या आधी मास्तर

साताऱ्यात २०२१ साली कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झालं. रयत शिक्षण संस्थेची तीन जुनी कॉलेजं एकत्र करून सरकारनं ते उभं केलं: छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स. तोवर ही कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आता अभ्यासक्रम आपला, परीक्षा आपली आणि पदवीही आपली. सरकारी कागद बघितला तर विद्यापीठाची कथा इथनंच सुरू होते. पण आमच्या भागातल्या जुन्या माणसांना विचारलं तर ते तीन कॉलेजांची नावं घेत नाहीत. ते म्हणतात, "आरं, भाऊराव अण्णांनी आधी मास्तर घडवलं, मग कॉलेजं आली." मला ही जुन्यांची गोष्ट जास्त खरी वाटते. म्हणून ती नीट सालवार मांडतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आज सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे आहेत, पण त्या काळी वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे सगळे तालुके साताऱ्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळं साताऱ्यात जे झालं ते आमचंच होतं.

भाऊराव पाटलांचा जन्म १८८७ चा, कुंभोजचा. घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. स्वतः ते मॅट्रिकही झाले नव्हते. ओगल्यांची काच, किर्लोस्करांचे नांगर, साताऱ्यात कूपरचा कारखाना अशा ठिकाणी त्यांनी उमेदीची वर्षं काढली. काच आणि नांगर खपवायला गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला गावं आतून दिसतात. कुठल्या गावात शाळा नाही, कुठं शाळा आहे पण मास्तर टिकत नाही, कुठं मास्तर आहे पण महारा-मांगाची पोरं उंबऱ्याबाहेर बसतात, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी बघितलं. त्याआधी १९१० च्या सुमाराला दुधगावला मित्रांच्या साथीनं वसतिगृह काढून झालं होतं. मग १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली आणि तिथं रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ साली ती साताऱ्याला आली. बोर्डिंगात सगळ्या जातीधर्मांची पोरं एका पंक्तीला जेवू लागली. १९२७ साली गांधीजी आले आणि त्यांच्या हातून बोर्डिंगाला शाहू महाराजांचं नाव पडलं. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या बायकोनं, अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. ही गोष्ट आमच्याकडं घराघरात माहीत आहे.

पुढची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. बोर्डिंग चालू झालं, पोरं वाढली. आता साधा माणूस काय करील? हायस्कूल काढील. हायस्कूल चाललं की कॉलेज काढील. भाऊरावांनी तसं केलं नाही. १९३५ साली त्यांनी साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांचं ट्रेनिंग कॉलेज काढलं. त्यांचं महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं १९४० साली आणि छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली. म्हणजे आधी मास्तर, मग हायस्कूल, मग कॉलेज.

ट्रेनिंग कॉलेजचं नाव होतं सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज. पंचम जॉर्ज बादशहाच्या गादीला पंचवीस वर्षं झाली, त्याचा तो रौप्यमहोत्सव. नाव बादशहाच्या उत्सवाचं आणि आत शिकणारी पोरं कुणब्या-धनगरांची, रामोश्यांची, हाताला कुदळीचे घट्टे पडलेली. पुढं त्याचं महात्मा फुले अध्यापक विद्यालय झालं. हे नाव अगदी चपखल बसलं, कारण ती कल्पनाच मुळात फुल्यांची होती. जोतीरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. १८८२ साली त्यांनी हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. शेतकऱ्यांच्या पैशावर सरकार वरच्या वर्गाला उच्च शिक्षण देतं आणि खालच्या शाळा ओस पडतात, असा त्यांचा आक्षेप होता. दुसरं त्यांनी असं मागितलं की प्राथमिक शाळेचे मास्तर ट्रेनिंग घेतलेले असावेत आणि जमेल तितके कुणब्यांतलेच असावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि वेळ पडली तर नांगरसुद्धा धरतील. इंग्रज सरकारनं ते ऐकलं नाही. ५३ वर्षांनी साताऱ्यात मॅट्रिक न झालेल्या एका माणसानं ते करून दाखवलं.

त्या वेळी सातवीची परीक्षा म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल. लोक नुसतं 'फायनल' म्हणायचे. फायनल झालेला पोरगा म्हणजे गावात विद्वान. पण तो तलाठ्याच्या हाताखाली लागायचा नाहीतर मुंबईची गाडी धरायचा. भाऊरावांनी अशा पोरांना हाताशी धरलं, ट्रेनिंग दिलं आणि परत गावाकडं पाठवलं. १९३८ पासून जिथं शाळा नाही अशा वाड्या-वस्त्यांवर संस्थेनं व्हॉलंटरी शाळा काढल्या. देवळात, चावडीत, कुणाच्या सोप्यात फळा टांगला की झाली शाळा. अशा ५७८ शाळा झाल्या. १९४२ साली बायकांसाठी जिजामाता ट्रेनिंग कॉलेज निघालं, म्हणून मास्तरणीही तयार झाल्या. ज्या मुलखात पोरगी शाळेत धाडायलाच लोक कचरायचे, तिथं बाईच शिकवायला आल्यावर आयांचा धीर चेपला. स्वातंत्र्यानंतर या व्हॉलंटरी शाळा सरकारी स्कूल बोर्डाकडं गेल्या आणि १९६२ नंतर सगळा प्राथमिक कारभार जिल्हा परिषदेचा झाला. त्यामुळं आज कुठल्या वाडीच्या शाळेवर 'रयत'ची पाटी दिसत नाही. पण मूळ बी तिथलं आहे.

हे वाडीवरचे मास्तर काय करायचे ते मी सांगू शकतो, कारण माझं चौथीपर्यंतचं शिक्षण अशाच एका मास्तरांच्या हाताखाली झालं. ते साताऱ्याला ट्रेनिंग घेतलेले. चार वर्ग एका खोलीत. पहिलीला पाटी गिरवायला लावून चौथीला अपूर्णांक शिकवायचे, तेही भुईमुगाच्या शेंगा वाटून. सुगीत निम्मी पोरं रानात असायची, तर गुरुजी सकाळची शाळा करायचे, रागवायचे नाहीत. त्यांच्या घरी पण सुगी होती ना! संध्याकाळी गावातल्या बाया मुंबईच्या गिरणीतनं आलेली पत्रं घेऊन त्यांच्या ओट्यावर यायच्या. सोसायटीचं कर्ज, सातबारा, कोर्टाची नोटीस, सगळं तेच वाचून सांगायचे. माझ्या आज्ज्याला ते बोलायचे ते शब्द मला अजून आठवतात, "पाटील, एक पोरगं रानात ठेवा, एक मला द्या." मी रानातला निघालो, तरी दहावीपर्यंत पोचलो ते त्या गुरुजींमुळं.

अशा मास्तरांनी चौथीपर्यंत आणून सोडलेली पोरं पुढं हायस्कूलला गेली आणि हायस्कूलची पोरं कॉलेजला. १९४७ च्या कॉलेजात 'कमवा व शिका' होती. खडी फोडायची, शेतात राबायचं आणि शिकायचं. १९५४ ला कऱ्हाडला गाडगे महाराज कॉलेज झालं. १९५५ ला साताऱ्यात हायस्कूलच्या शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघालं, म्हणजे पुन्हा मास्तरच. बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आमच्या वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे एन. डी. पाटील संस्थेचे चेअरमन झाले आणि शिक्षणाचा बाजार होऊ नये म्हणून म्हातारपणीही रस्त्यावर उतरले. खुद्द भाऊरावांना १९५९ साली पुणे विद्यापीठानं डी. लिट. दिली. त्याच वर्षी मे महिन्यात ते गेले. त्यांच्या नावाचं विद्यापीठ व्हायला त्यानंतर ६२ वर्षं लागली.

हा झाला इतिहास. आता आजचं बोलतो.

मधल्या काळात डी.एड.ची लाट आली. बारावीला चांगले मार्क पडले की पोरगी डी.एड.ला. दोन वर्षं झाली की नोकरी आणि नोकरी लागली की स्थळ. मग जागा कमी पडायला लागल्या म्हणून गल्लोगल्ली खाजगी डी.एड. कॉलेजं निघाली. माझ्या भावकीतल्या एकानं पोराच्या डी.एड.साठी ऊस पिकणारं दहा गुंठे रान विकलं. पोरगा पास झाला तोवर भरती थांबलेली. २०१३ पासून टीईटी आली, ती पण त्यानं दिली. आता तो एमआयडीसीत सुपरवायझर आहे. कॉलेजांत पोरं येईनात, म्हणून कित्येक अध्यापक विद्यालयांना कुलपं लागली. दुसरीकडं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांवर टांगती तलवार आहे. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरात पट वीसचा कुठनं व्हायचा? वाडीच पंधरा घरांची.

त्यात नवीन शैक्षणिक धोरणानं सांगितलंय की २०३० पर्यंत शिक्षक व्हायला चार वर्षांची बी.एड. पदवी लागणार. पदवी म्हटली की ती विद्यापीठाचीच. म्हणजे मास्तर घडवायचं काम आता अध्यापक विद्यालयाच्या खोल्यांतनं उठून विद्यापीठाच्या अंगणात येणार. चार वर्षं शिकलेला मास्तर वाईट असं मी म्हणत नाही. जास्त शिकला तर बरंच आहे. पण माझा प्रश्न फुल्यांचाच आहे. चार वर्षांची फी, खोलीभाडं आणि मेसचा खर्च कुणाच्या घरातलं पोरगं सोसणार? पाटणच्या धनगरवाड्यावरची पोरगी सोसणार का? आणि ती मास्तरीण झाली नाही, तर त्या वाड्यावर राहायला दुसरं कोण जाणार? दोन वर्षांत हातात काम देणारी जुनी वाट बंद होत असेल, तर नव्या वाटेवर 'कमवा व शिका' आधी पाहिजे.

साताऱ्याच्या विद्यापीठाला हे सांगायचा हक्क आम्हा शेतकऱ्यांना आहे, कारण त्याच्या पायात आमच्या आज्ज्या-पणज्यांनी मूठ मूठ धान्य घातलंय. प्रयोगशाळा होऊ देत, संशोधन होऊ दे, परदेशाशी करार होऊ देत, आम्हाला अभिमानच आहे. पण दर साली प्रवेश संपले की विद्यापीठानं एक आकडा आपणहून जाहीर करावा: एक-दोन शिक्षकी शाळेत शिकून इथवर आलेली पोरं किती, आणि इथं शिकून तसल्या शाळेवर मास्तर म्हणून गेलेली किती. पहिला आकडा घटत गेला तर दुसरा आधी घटला असणार, हे सांगायला कुठल्या प्राध्यापकाची गरज नाही. रोपच लावलं नाही तर फळ कुठनं येणार, एवढं शेतकऱ्याला कळतं.